मोटारीच्या खोलीतली भिंत

गुरुवार, दिवाळीनंतरचा दुसरा. दुपारी दीड ते चार. जागा, ग्रामपंचायतीची जुनी खोली.

हजर: वांगी-टोमॅटो लावणाऱ्या दोघी जावा. सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी विकणारी, सगळ्यांची थट्टा करते ती. पिठाच्या गिरणीवाली. एकाच गल्लीतल्या तीन सुना. पानठेलेवाल्याची आई. आणि मावशी. एकूण नऊ. गैरहजर दोन, एक माहेरी गेलेली, दुसरीला ताप.

ही हजेरी मी त्या दिवशी नेहमीसारखी वहीत लिहिली. मावशीपुढची टीक जरा ठळक केली, कारण ती येणार नव्हती आणि माझ्यामुळे आली होती. आधीच्या गुरुवारी तिने सांगितलं होतं, "पुढच्या बारीले मी नाई येत बाई. घरी चुना मारून राह्यले."

मी म्हणाले, "चुना पोरं मारतील. तुमची सहाच अक्षरं राहिलीत. तुम्ही या."

ती आली.

मी शिक्षिका नाही. शिकवायचं शिक्षण माझ्याकडे नाही. कॉमर्सची पदवी घेतली, लग्न होऊन पिपरी मेघेला आले आणि सासरच्या धंद्यात शिरले. आमचं कृषी केंद्र केळझरच्या पुढे, रस्त्याला लागूनच आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. नवरा गिऱ्हाईक बघायचा, मी साठा बघायची. कुठली बाटली कुठल्या फळीवर, कशाची मुदत कधी संपते, काय मागवायचं, सगळं माझ्या वहीत. वीस वर्षं मी याद्या केल्या आणि त्यात मला कधी कंटाळा आला नाही. काम लिहून ठेवलं की अर्धं झालं, असं मी मुलांनाही सांगत आले. आता सांगत नाही.

आमच्याकडे भाजीवाल्या बाया औषध नावाने मागत नसत. टोपणाच्या रंगाने मागत. हिरव्या टोपणाचं, लाल टोपणाचं, पोपटाच्या चित्राचं. आम्हीही तसंच देत होतो. एकदा पावसाळ्याच्या शेवटी नवीन माल आला, त्यात टोपणं बदलली होती. मी वहीत नोंद केली. नवऱ्याला सांगितलं. त्या दिवशी गर्दी होती, नवरा बँकेत गेला होता, आणि मावशीने हिरव्या टोपणाची बाटली मागितली. मी हिरव्या टोपणाची बाटली दिली.

ते तणनाशक होतं. पाच दिवसांनी मावशी दुकानात आली, हातात वांग्याचं एक झाड, मुळासकट उपटलेलं. पानं करपून कागदासारखी झाली होती. तिने ते काउंटरवर ठेवलं. ओरडली नाही.

"दवा तं हिरव्या टोपनाचीच होती बाई."

मी चूक कबूल करायला हवी होती. पण तोंडातून निघालं, "मावशी, बाटलीवर लिहिलेलं असतं ना. कुणाकडून वाचून नाही का घ्यायचं?"

"तुमच्याकडूनच तं घेतलं," ती म्हणाली. "मले वाचता आलं असतं तं तुमाले काऊन इचारलं असतं?"

तिच्या वाफ्याचं जे नुकसान झालं ते आम्ही भरून दिलं. पण तिचं वाक्य तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या ओट्यावर जुन्या रिकाम्या बाटल्या मांडल्या आणि दोन बायांना 'तण' हा शब्द दाखवला. त्या आठवड्यात चार झाल्या, मग सहा. नवरा हसायचा. "दवाच्या दुकानात शाळा भरली. आता तुम्ही घंटी वाजवा, मी डबा घेऊन येतो." पुढे ओटा पुरेना, तेव्हा ग्रामपंचायतीने खोली दिली. वर्षभराने मी दुकानाच्या वह्या दिरांकडे सोपवल्या. आज समुद्रपूर तालुक्यातल्या दोन गावांतही माझा वर्ग आहे, एसटीने जाते. लोक 'बाई' म्हणतात. कुठल्याही यादीत मी हे लिहिलं नव्हतं.

वर्ग गुरुवारीच का, तर त्या दिवशी शेतातल्या पाण्याच्या मोटारीची लाईन, म्हणजे वीज, दिवसा नसते. लाईन असली की बाया पाण्यावर असतात, वाफा भरला की दुसऱ्या वाफ्याला पाण्याचं बारं वळवायचं, त्यांना कुठे हलता येत नाही. गुरुवारी लाईन नाही, पाणी नाही, म्हणून दुपार मोकळी. माझ्या सगळ्या वेळापत्रकात हे वेळापत्रक मला सर्वात पक्कं वाटायचं. गुरुवारी मोटारीच्या खोलीत कुणाचं काम नसतं, हे बायांना जसं ठाऊक होतं तसं घरच्या पुरुषांनाही ठाऊक होतं, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

मावशी साठीच्या पुढची. अंगाने वाळलेली, हात मोठे. पाटी धरायची ती विळा धरल्यासारखी. इतर बाया 'लिटर', 'मुदत', 'तण', 'कीड' एवढ्यावर खूश होत्या, पण मावशीचं डोकं तिथे नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

"मले एक भित वाचाची हाय."

तिच्या विहिरीजवळ मोटारीची खोली आहे. विटांची, आत दोन माणसं उभी राहतील एवढी. तिचा नवरा चौथी शिकलेला. लाईनची वाट बघत तो त्या खोलीत बसायचा आणि कोळशाने आतल्या भिंतीवर लिहायचा. कधी रोपं लावली, कधी पाणी दिलं, कधी खत. तो जाऊन पाच वर्षं झाली होती. भिंत तशीच होती. दर दिवाळीला घराला चुना लागायचा, तेव्हा मावशी त्या खोलीच्या दारात जाऊन बसायची आणि पोरांना आत येऊ द्यायची नाही.

"तुमच्या मुलाने वाचून नाही दाखवलं?"

"दाखवलं ना. वांगे, पानी, अमावस. दुसरं काई नाई म्हने."

"मग?"

तिने पदर नीट केला. "त्याले लिवतानी म्या पाह्यलं हाय बाई. मी भाकर घेऊन जाओ तं हा लिवून राह्यला. घंटा-घंटा. मले पाहून कोळसा खाली ठिवे. आता तुमीच सांगा, एवढा वेळ वांगे लिवते का कोनी?"

मी म्हणाले, आत्ता जाऊ, मी वाचून दाखवते. तिने मान हलवली.

"तुमच्या तोंडून नाई. पोराच्याई तोंडून नाई. त्यानं लिवलं, मी वाचीन."

मला हे पटलं, आणि मी कामाला लागले. कामाला लागले म्हणजे यादी केली. उन्हाळ्यात एके दिवशी तिच्याबरोबर त्या खोलीत गेले. मोबाईलची बॅटरी लावली आणि भिंतीवर कुठकुठली अक्षरं आली आहेत तेवढीच वहीत उतरवली. म्हणजे तिला नेमकं तेच शिकवता येईल, बिनकामाचं एकही नाही. मावशी दारात उभी होती.

"वाचून नाई राह्यल्या ना?"

"नाही. अक्षरंच घेते आहे."

साधी एकतीस निघाली, जोडाक्षरं चौदा. सोप्यापासून कठीणपर्यंत क्रम लावला. प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. वहीचं ते पान मला इतकं आवडलं की नवऱ्याला दाखवलं. त्याच पानाच्या तळाशी मी लिहिलं: भिंतीचा फोटो काढणे. मोबाईल हातातच होता. पण मावशी बघत होती, फोटो काढला तर तिला वाटेल घरी जाऊन वाचतील. आणि भिंत काय, कुठे जाणार होती? पुढे दर गुरुवारी ते काम मी नव्या पानावर उतरवून घ्यायची. माझ्या वहीत राहिलेलं काम हरवत नाही, पुढच्या पानावर जातं.

मावशी हळू शिकली. 'म' आणि 'भ' तिला शेवटपर्यंत चकवायचे. सांभारवाली टोचायची, "मावशे, तुह्या बुढ्यानं काय पोथी लिवली का वं? एवढे अक्षर तं माह्या लेकीच्या पुस्तकात नाई."

"तुह्यावाल्यानं काय लिवलं?" मावशी पाटीवरची मान न उचलता म्हणायची. "चिलमीचा हिसाब?"

सगळ्या हसायच्या. सांभारवालीही हसायची, कारण ते खरं होतं.

पोळ्याच्या सुमारास तिची साधी अक्षरं संपली. जोडाक्षरं सुरू केली तेव्हा ती म्हणाली, "आता जाऊ का भितीकडं? जेवढं येईन तेवढं."

मी नाही म्हणाले. माझ्याकडे कारणं होती आणि ती तेव्हाही चांगली वाटली होती. अर्धवट वाचायला गेली तर दर ओळीत अडखळेल, नाद सोडेल. शिवाय तिला ती भिंत एका दमात, कुणाला न विचारता वाचता यायला हवी होती, तिचंच म्हणणं होतं ते. "दिवाळी होऊ द्या," मी म्हणाले, "सगळे चौकोन भरू द्या. मग आपण दोघी जाऊ. तुम्ही आत, मी बाहेर."

"तुमी म्हनता तसं," मावशी म्हणाली. शाळेत न गेलेली माणसं शिकवणाऱ्यावर किती विश्वास ठेवतात, ते मला तोवर कळलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या त्या दुसऱ्या गुरुवारी तिने 'स्त' आणि 'न्ह' पक्के केले. राहिले चार: प्र, त्र, ष्ट, द्ध. मी चौकोनात टीक करताना तिने वहीत डोकावून पाहिलं आणि चार बोटं दाखवली. सांभारवाली म्हणाली, "चार झाले का मावशी मास्तरीन होते. मंग बाईले सुट्टी."

चार वाजता वर्ग सुटला. मी एसटीसाठी फाट्याकडे निघाले, मावशी बरोबर. तिचं शेत त्याच वाटेवर. ती नातवाच्या सोयरिकीचं सांगत होती. रविवारी मुलीकडचे येणार होते. आमच्याकडे मुलीची माणसं नुसतं घर बघत नाहीत. मुलगा बघतात, घर बघतात, मग शेतात जातात. विहिरीत वाकून पाणी बघतात, मोटार चालू करायला लावतात. पाणी बघितल्याशिवाय पोरगी देत नाहीत. म्हणून यंदा दिवाळीत नाही, दिवाळीनंतर चुना.

"पाहुणे वावरात जातीन तं बांध साफ पायजे," मावशी म्हणत होती. "म्या पोराले सांगतलं..."

तिथे ती थांबली. उसाच्या तुकड्यापलीकडे विहीर दिसते. विहिरीशेजारी मोटारीची खोली. मातकट विटांची ती खोली दर गुरुवारी मी येता-जाता बघत होते. आता ती पांढरीशुभ्र होती. उन्हात डोळ्यांना लागत होती.

मी म्हणाले, "बाहेरूनच मारला असेल."

मावशी वाट सोडून वळली. बांधावरून चालत गेली, मी मागून. दारात चुन्याची बादली होती. आत तिचा मुलगा, हातात कुंची, केसांवर पांढरे शिंतोडे. पंचेचाळिशीचा माणूस, शाळकरी पोरासारखा खूश.

"माय, पाय. कसं चमकून राह्यलं." मग मला बघून, "या ना बाई. लाईन नाई आज, म्हटलं इकडचंई उरकून घेऊ. त्या भितीले दोन हात द्या लागले, कोळसा वर येऊन राह्यलता."

त्याला दोष देता येत नाही. त्याने ती भिंत एकदा वाचली होती. त्याच्या लेखी तिथे वांगी आणि पाणी होतं. आई दिवाळीला दारात बसते ते बापाच्या आठवणीने, एवढं त्याला माहीत होतं. तिला त्यातलं काय पाहिजे होतं ते तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं. ते मला सांगितलं होतं.

मावशी आत गेली. भिंतीवर हात ठेवला. ओल्या चुन्यात पंजा उमटला. ती तशीच उभी राहिली, मग हात पदराला पुसला.

"मस्त झालं," ती म्हणाली.

मुलाने त्या पंजावरून कुंची फिरवली.

पुढचे दोन गुरुवार मावशीपुढे मी 'गैरहजर' लिहिलं. तिसऱ्या गुरुवारी मी तिच्या घरी गेले. ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. सोयरीक जमली होती, घरात त्याचा आनंद होता. मी माफी मागायला गेले होते आणि काय बोलायचं ते मुद्द्यांनी ठरवून गेले होते. एकही मुद्दा बोलता आला नाही. मी बसून जुड्या बांधू लागले.

दहा-बारा जुड्या झाल्यावर ती म्हणाली, "तुमच्या वहीत हाय ना त्याचे अक्षर?"

"अक्षरं आहेत मावशी. शब्द नाहीत. मी एकेक अक्षर एकदाच घेतलं होतं."

"म्हंजे परत नाई जोडता येत."

"नाही."

तिने जुडीला सुतळीचा वेढा दिला. "मुंगाच्या डाळीतून निवडून ठिवलेल्या खड्यासारखं झालं मंग."

मी वही काढून ते पान तिच्यापुढे धरलं. का धरलं, मला सांगता येणार नाही. तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, न अडखळता, 'म' आणि 'भ'सुद्धा बरोबर. एकतीस आणि दहा. शेवटच्या चार रिकाम्या चौकोनांशी तिचं बोट थांबलं.

"तुमी वाचलं असन," ती म्हणाली. "बॅटरी होती तुमच्यापाशी. वाचता येनारा मानूस पाह्यल्यावर वाचल्याबिगर राह्यते का?"

मी सहा महिने स्वतःलाही सांगत आले होते की मी वाचलं नाही. ते खरं नव्हतं. अक्षर शोधताना डोळा शब्दावरून जातोच. बहुतेक सगळं वांगी आणि पाणी होतं, मुलाने सांगितलं तसंच, आणि ते मी विसरले. एक ओळ मात्र तशी नव्हती. खाली, कोपऱ्यात, माणूस बसून लिहील त्या उंचीवर.

"एक ओळ," मी म्हणाले.

मावशीने हातातली जुडी खाली ठेवली. मी तोंड उघडलं तसा तिने हात वर केला.

"सांगू नका."

"मावशी, आता भिंत नाही..."

"म्हनून तं सांगू नका. लिवून द्या. मी वाचीन." मग जुडी परत उचलत, "त्या चारातला हाय का त्याच्यात एखादा?"

"दोन आहेत."

"मंग आधी ते शिकवजो," ती म्हणाली. मला ती पहिल्यांदाच एकेरीत बोलली.

ती परत येऊ लागली. सांभारवालीने पहिल्या दिवशी फक्त सरकून जागा दिली, काही टोचलं नाही. 'प्र' झाला, 'त्र' झाला. 'ष्ट' मागच्या गुरुवारी झाला. ओळीतल्या दोघांपैकी 'द्ध' राहिला आहे आणि तो एका दुपारीत होण्यासारखा आहे. मी तो लांबवते आहे.

कारण ती ओळ मला जशी आठवते तशीच भिंतीवर होती का, याची मला खात्री नाही. सात शब्द होते की आठ? शेवटचा शब्द त्याने लिहिला होता, की माझ्या मनाने नंतर जोडला? दुकानात मी वीस वर्षं एकही मुदत चुकवली नाही, आणि इथे एका ओळीची मला खात्री देता येत नाही. मी लिहीन तेच ती नवऱ्याचं म्हणून वाचेल, उरलेला जन्म. मी तिच्या हातात पुन्हा चुकीची बाटली तर देत नाही ना, हा विचार रोज येतो.

ती ओळ इथे लिहीत नाही. त्यात थोर काही नाही. वांगी आहेत, पाणी आहे, आणि ती आहे. पण ती आधी तिने वाचायची.

उद्या गुरुवार. हजेरीचं पान आखून ठेवलं आहे. खाली, मागच्या पानावरून उतरवून घेतलेली कामं: 'द्ध'. कोळशाचा तुकडा सोबत नेणे. मावशीची ओळ, लिहून देणे.